मावशी, एवढं बघता का?

“मावशी, अकरा नंबरची बॅग तेवढी रिकामी करा.”

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, फिमेल सर्जिकल वॉर्डात, रात्री तीन वाजता मी हे वाक्य बोलले. मावशींनी युरोबॅगचा खालचा नळ उघडून लघवी भांड्यात घेतली, संडासात ओतली, भांडं धुऊन पालथं घातलं आणि त्या कपाटाजवळ जाऊन बसल्या. सांगितलेलं काम त्यांनी चोख केलं होतं.

सकाळी सर्जन राउंडला आले. अकरा नंबरच्या बाईचं आतडं फुटलं होतं, आदल्या संध्याकाळी तिचं पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. अशा पेशंटची पहिली रात्र लघवीवर मोजतात. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ते ३० मिली. त्याच्या खाली गेलं, की अंगात पाणी कमी पडतंय किंवा किडनी थकतेय असं धरून पुढचे उपाय करायचे. सर्जननी इनटेक-आउटपुट चार्ट उचलला. बारा वाजेपर्यंतचे आकडे माझ्या अक्षरात होते. त्यापुढचा रकाना कोरा.

“तीनला किती होती?”

मी मावशींकडे पाहिलं. “होती थोडी,” त्या म्हणाल्या. “ओतली की.”

थोडी म्हणजे ५० की ३००, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. सर्जन माझ्यावर चिडले. राउंड संपल्यावर मी स्टोअरमध्ये मावशींवर चिडले, तेही एका स्टुडंट मुलीसमोर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही रिकामी करा म्हणालात. मोजा कुठं म्हणालात?”

बाई बरी झाली, टाके काढून घरी गेली. मावशींचं ते वाक्य मात्र मी निवृत्त होईपर्यंत माझ्या कानात राहिलं, अजूनही आहे.

त्या मावशींना आकडे वाचता येत नव्हते. मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईनं विशीतल्या पोरीला आपण होऊन ते कसं सांगावं? पुढच्या नाईटला आम्ही दोघींनी बसून मोजायच्या भांड्यावर चिकटपट्ट्या लावल्या. दर शंभरावर एक, पाचशेवरची लाल शाईनं रंगवलेली. त्यानंतर त्या येऊन सांगायच्या, “चौदा नंबर, तीन पट्ट्या आणि वर दोन बोटं.” मी जाऊन बघायची, आकडा लिहायची, मगच ओतायचं. पुढे कितीतरी नव्या सिस्टर त्या वॉर्डात आल्या, आणि या पट्ट्या कशाच्या हे त्यांना मावशींनीच समजावून सांगितलं.

आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. अमेरिकेतल्या नर्सिंग कौन्सिलांच्या राष्ट्रीय मंडळानं १९९०च्या दशकात काम सोपवण्याचे पाच निकष मांडले: काम योग्य हवं, परिस्थिती योग्य हवी, माणूस योग्य हवा, सूचना योग्य हवी आणि देखरेख योग्य हवी. फळ्यावर पाच ओळींत लिहून होतात. त्यातले निदान दोन, सूचना आणि देखरेख, मी त्या रात्री पाळले नव्हते. म्हणून ते शिकवताना मी मुलींना आधी अकरा नंबरची गोष्ट सांगते.

बाहेरच्या माणसाला आम्ही सगळ्याच सिस्टर. सरकारी कागदावर अधिपरिचारिका, तिच्यावर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका, म्हणजे आमच्या इन्चार्ज, आणि वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. कक्षसेवक, आया, सफाई कामगार हे कागदावर चतुर्थ श्रेणी. वॉर्डात मात्र ते पहिल्या दिवसापासून मामा आणि मावशी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे. मी ज्या वॉर्डात सर्वांत जास्त वर्षं काढली तिथं खाटा चाळीस होत्या, पेशंट साठाच्या आसपास, उरलेले जमिनीवरच्या गाद्यांवर. रात्री दोन सिस्टर आणि एक मावशी. तेव्हा काम सोपवावं की नाही हा विचार करायला आमच्याकडे सवडच नव्हती. सोपवल्याशिवाय सकाळ उजाडत नसे.

तरीही काम सांगताना जीभ अडते. हे कुणी उघड बोलत नाही, पण नव्यानं लागलेल्या प्रत्येक मुलीचं हेच होतं.

माझी पहिली पोस्टिंग कॅज्युअल्टीला. तिथल्या मामांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी. वडिलांच्या वयाच्या माणसाला “ट्रॉली घ्या, चला” असं कसं म्हणायचं? मी “मामा, जरा...” एवढं म्हणून थांबायची आणि ट्रॉली स्वतःच ओढायची. एका दुपारी अपघातातले चार जण एकदम आले. मी एकाला घेऊन एक्स-रेला निघाले, ट्रॉली ढकलत. परत आले तेव्हा दुसऱ्याचं बीपी कोसळलेलं, सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं, डॉक्टर एकटेच धावपळ करत असलेले. तो माणूस वाचला. इन्चार्ज सिस्टर मला ओरडल्या नाहीत. संध्याकाळी पाळी बदलताना ओव्हर झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाल्या, “ट्रॉली मामाही ढकलतात. नाडी त्यांना कळत नाही. मग तू कुठं असायला हवं होतंस?”

त्याहून जास्त लागलं ते मामांचं बोलणं. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, “पोरी, तू मला काम सांगत नाहीस. माझं काम तुला पटत नाही का?” मी ज्याला मान समजत होते, तो त्यांना अविश्वास वाटत होता. हाच माणूस रात्रपाळी सुरू होण्याआधी प्रत्येक ऑक्सिजन सिलिंडरचं गेज स्वतः बघायचा, भरलेला एक सिलिंडर पान्यासकट दाराशी आणून ठेवायचा. त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना पूर्ण वाक्यात काम सांगायला लागले: कुणाला, कुठं, किती वाजेपर्यंत, आणि वाटेत काय झालं तर लगेच परत यायचं.

यात सुराचा भाग फार मोठा आहे. डॉक्टर ज्या सुरात आमच्याशी बोलतात, त्याच सुरात आम्ही मावशींशी बोलतो आणि मावशी दारातल्या नातेवाइकांशी. हा सूर वरून खाली वाहत जातो. ज्या दिवशी राउंड कडवट झाला असेल, त्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात कुणीतरी म्हातारा हमखास हाकलला जातो. आम्हा सिस्टरना हुकूम झेलण्याचा अनुभव आहे. तो विसरून आम्ही हुकूम सोडतो, याचं मला अजून वाईट वाटतं. “ए मावशी” आणि “मावशी, एवढं बघता का?” यात वेळ सारखाच लागतो.

पण सगळ्यांत खोल बोच आहे ती स्पंजची.

नर्सिंगला गेल्यावर आमचे हात आधी कशावर बसवतात? बिछाना घालणं, अंग पुसणं म्हणजे स्पंज, केस विंचरणं, तोंड स्वच्छ करणं, पाठीला हात लावणं. पास होऊन नोकरीला लागलं की हातात औषधांचा ट्रे येतो, इंजेक्शनं येतात, मग रजिस्टरं, इंडेंट, रिपोर्ट, आता कॉम्प्युटरवरच्या नोंदी. स्पंज केव्हा मावशींच्या हाती जातो ते कळतही नाही. कुणी तसं ठरवत नाही. एके दिवशी आपल्या लक्षात येतं, की महिन्याभरात आपण कुणाच्या पाठीला हात लावलेला नाही. सुरुवातीला सुटका वाटते, मग अपराधी वाटतं, आणि काही वर्षांनी काहीच वाटेनासं होतं. त्या तिसऱ्या अवस्थेची मला भीती वाटते.

गायनॅक वॉर्डातली गोष्ट. गर्भाशय काढलेल्या एका बाईचा तिसरा दिवस. सकाळी दोनदा मी तिचं बीपी घेतलं, टेंपरेचर घेतलं, ड्रेसिंग बघितलं, सगळं ठीक लिहिलं. मावशी तिचं अंग पुसून साडी नेसवून आल्या आणि हात पुसता पुसता म्हणाल्या, “सिस्टर, सात नंबरचा डावा पाय बघता का? काल पैंजण सैल होतं, आज रुततंय.” मी चादर वर केली. पोटरी सुजलेली, हाताला गरम. डॉप्लर केलं तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर बाई बोलता बोलता गेली असती. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं त्याच दुपारी सुरू झाली. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं, ‘वेळेत लक्षात आलं’. कुणाच्या, ते लिहिण्याची पद्धत नाही.

मी काम सोपवलं होतं ते फक्त अंग पुसण्याचं, असं मला वाटत होतं. पण अंग पुसताना पेशंट दिसतो. कुठली जागा लाल झालीय, कूस बदलताना कोण कण्हतं, कुणाची जीभ कोरडी आहे, कुणाच्या दंडावर मारल्याचे वळ आहेत. स्पंज देऊन टाकला, की हे बघणंही आपण देऊन टाकतो. मग ते परत मागून घ्यावं लागतं. मावशींनी काय पाहिलं हे रोज, नेमानं, विचारावं लागतं. एवढंच मला या सगळ्या वर्षांत नीट कळलं असेल.

१९७३मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या आमच्याच व्यवसायातल्या मुलीवर हल्ला झाला आणि ती खाटेला खिळली. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला ४२ वर्षं सांभाळलं. २०१५च्या मे महिन्यात ती गेली. २०११मध्ये तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा सगळ्या देशाला कळलं, की इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिला बेडसोर होऊ दिलेला नाही. आमच्या ड्युटी रूममध्ये ती बातमी वाचून बराच वेळ कुणी बोललं नाही. वेळच्या वेळी कूस बदलणं, पुसणं, कोरडं ठेवणं, घास भरवणं, आणि हे रोज. ज्याला आपण खालचं काम म्हणून बाजूला सारतो, त्याच कामावर एक बाई चार दशकं जगली.

काही कामं मात्र कितीही घाई असली तरी हातातून सोडायची नाहीत. एका संध्याकाळी एकाच आडनावाच्या दोन बायकांना रक्त चढवायचं होतं. मामा ब्लड बँकेतून दोन्ही पिशव्या घेऊन आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, “ही पाच नंबरची, ही नऊ नंबरची.” सकाळी ते बरोबर होतं. दुपारी एकीला घाम फार येतो म्हणून आम्हीच दोघींच्या खाटांची अदलाबदल केली होती, पंख्याखालची खाट तिला दिली होती. रक्त फ्रीजबाहेर आलं, की अर्ध्या तासात सुरू करायचं असतं, त्यामुळे हात घाईनंच चालतात. माझ्या जोडीच्या सिस्टरनं पिशवी टांगायच्या आधी खाटेशी वाकून विचारलं, “ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा, नवऱ्याच्या नावासकट.” नाव जुळलं नाही. पिशवी तिच्या हातातच राहिली. एकीचा गट ओ होता, दुसरीचा बी.

मामांची चूक नव्हती. पिशवी आणणं त्यांचं काम, नाव-गट-नंबर खाटेशी दोघींनी मिळून ताडून बघणं आमचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये एक प्रकरणच या गोष्टीवर आहे: आपण हजर असताना जे होतं, ते आपण नसतानाही होईल याची व्यवस्था लावणं. इन्चार्ज असणं म्हणजे काय, हे मला त्या प्रकरणापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

लहान खासगी दवाखान्यांत कोणतं काम कुणाचं ही रेघ पुसली गेलेली मी पाहिली आहे. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी, अंगावर पांढरा एप्रन, सलाईन लावते, इंजेक्शन देते, आणि पेशंट तिलाच सिस्टर म्हणतात. मला तिचा राग येत नाही. तिला घर चालवायचं असतं आणि ती मन लावून शिकलेलीही असते. राग येतो तो दोन-तीन महिन्यांत तिला ‘तयार’ करून स्वस्तात त्या जागी उभं करणाऱ्यांचा. काही उलटसुलट झालं, की ती एकटी सापडते. नर्सिंग कौन्सिलकडे तिचं नाव नाही, पाठीशी कुणी नाही.

आणि आमची चूक मावशींच्या अंगावर कशी जाते, तेही सांगायला हवं. दवाखान्यातला कचरा रंगांनी वेगळा करतात. रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या-सलाईनच्या बाटल्या लाल पिशवीत, सुया-ब्लेड जाड पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. एका गर्दीच्या सकाळी आमच्यापैकी कुणीतरी सुई पिवळ्या पिशवीत टाकली. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणजे ती मीही असू शकते. पिशवी बांधताना ती सुई मावशींच्या अंगठ्यात गेली. त्या कंत्राटी होत्या, लागून दोन महिने झालेले. आम्हाला कायम नोकरीत लागल्यावर हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस मिळाले होते, त्यांना एकही नाही. सुई टोचल्यावर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. मावशी मात्र अंगठा पदरात धरून ड्युटी संपेपर्यंत गप्प होत्या. सांगितलं तर कंत्राटदार काढून टाकेल, अशी त्यांना भीती. एका स्टुडंटनं पदरावरचं रक्त पाहिलं म्हणून कळलं. औषधं दिली, तपासण्या केल्या, सहा महिन्यांनी सगळं निर्धोक निघालं. त्या सहा महिन्यांत त्या आपल्या नातवाला स्वतःच्या ताटातला घास देत नव्हत्या. असं पसरत नाही, हे मी दहादा सांगूनही.

२०२०मध्ये कोविड वॉर्ड उघडले आणि एक गोष्ट उघडी पडली. आमच्याकडे सगळ्यांत जास्त काम आम्ही मावशींवर नव्हे, नातेवाइकांवर सोपवलेलं होतं. रिपोर्ट आणणं, भरवणं, भांडं देणं, रात्री सलाईन संपली की हाक मारणं. पेशंटजवळ एक माणूस थांबा, असं आपण म्हणतो तो माणूस म्हणजे वॉर्डातला बिनपगारी हात. कोविडमध्ये तो दाराबाहेर राहिला. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास सिस्टर आणि मावशी एकत्र घास भरवत होत्या, कूस बदलत होत्या, फोन कानाला लावून देत होत्या. किटवर आम्ही मार्करनं नावं लिहायचो, कारण चेहरे दिसत नसत. तेव्हा काही दिवस कोण सिस्टर आणि कोण मावशी हे पेशंटला ओळखू येत नव्हतं, आणि एक आजोबा सगळ्यांनाच ‘माई’ म्हणायचे.

इन्चार्ज झाल्यावर मी एक गोष्ट सुरू केली. सकाळी आठचं ओव्हर खाटेखाटेशी जाऊन देतात-घेतात. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सांगते. मावशी त्या वेळी बादल्या आवरत असतात. मी म्हटलं, उद्यापासून रात्रीच्या मावशीही ओव्हरला उभ्या राहतील. एक-दोन सिस्टरना ते आवडलं नाही. उशीर होतो म्हणाल्या, आणि मावशींना त्यातलं काय कळणार, असंही. मावशीही अवघडल्या. पहिल्या दिवशी त्या पदर खोचून सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या आणि बारा खाटांपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

तेरा नंबरला रात्रीच्या सिस्टरनं सांगितलं: डायबेटिस, पायाची जखम, सकाळचं इन्सुलिन साडेसातला दिलं, नाश्ता झाला.

“नाही झाला,” मागून मावशी म्हणाल्या. “पोळ्या उशाखाली आहेत. कालच्या रात्रीच्याही. नवरा बाहेर व्हरांड्यात असतो, त्याच्यासाठी ठेवते ती.”

मी उशी उचलली. कागदात गुंडाळलेल्या चार पोळ्या होत्या. बाईच्या कपाळावर घाम होता, आणि ती वॉर्डात उकडतंय म्हणून आला असं म्हणत होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४. साखरेचं पाणी मावशींनीच चमच्या-चमच्यानं पाजलं, मी तिची नाडी धरून बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ९६.

ओव्हर तिथंच थांबलं होतं. रात्रीच्या सिस्टरनं पेन मागून घेतलं, बुकातलं ‘नाश्ता झाला’ खोडलं, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: नाश्ता घेतला नव्हता, मावशींनी सांगितलं. मग तिनं मागे वळून त्यांना पुढे यायला जागा करून दिली आणि आम्ही चौदा नंबरकडे गेलो.